तीन तिघाडा, काम तडीस

आपल्याकडे तीन या आकड्याला फारशी पत नाही. तिघे मिळून कुठे निघाले की घरातले वडीलधारे माणूस ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ असे पुटपुटते आणि चौथा सोबती म्हणून एखादा खडा खिशात टाकायला लावते. मीही आजवर या मताचीच होते. पण गेल्या दोन वर्षांत रायगडच्या किनाऱ्यावर मला जो अनुभव आला, त्याने माझे मत पार बदलले आहे. आमच्या स्वयंपाकघरातले चार पायांचे टेबल पंधरा वर्षे डुगडुगते आहे. त्याच्या एका पायाखाली कागदाची घडी कायमची मुक्कामाला आलेली आहे. उलट तीन दगडांची चूल डुगडुगल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे काय? जमीन कितीही उंचसखल असो, तीन टेकू तिन्हीच्या तिन्ही टेकणारच. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, हे शाळेत भूमितीच्या तासाला घोकलेले वाक्य चुलीने आपल्या आजीला आधीच शिकवले होते. चौथा पाय आला की कुरबुर सुरू!

मी सांगणार आहे ती हकीकत दुर्बिणीच्या तिपाईची आहे. दुकानात तिला ‘ट्रायपॉड’ म्हणतात. मराठी शिकवण्यात उमर गेल्यामुळे मी आधी शब्दाच्या मागे लागले. ‘तिवई’ म्हणावे तर डोळ्यांसमोर देवघरातली बुटकी तिवई येते. ‘तिकटी’ म्हणावे तर कोल्हापूरचा रिक्षावाला सरळ मिरजकर तिकटीला नेऊन सोडील. शेवटी ‘तिपाई’ हाच शब्द आमच्या घरात रुळला. शब्द मिळाला, पण वस्तू मिळायला पुढे वर्ष लागले.

अण्णांचे हात

आमचे मूळ घर अलिबागजवळ अक्षीला आहे. जिल्ह्याचे कुलाबा हे नाव बदलून १९८१ साली रायगड झाले, तरी माझे सासरे अजून पत्त्यात चुकून ‘जि. कुलाबा’ लिहितात. अण्णा शाळेत भूगोलाचे शिक्षक होते. मतलई वारे आणि खारे वारे, उधाण आणि भांग, ग्रह आणि उपग्रह हे सारे त्यांनी तीस-बत्तीस वर्षे फळ्यावर खडूने काढून दाखवले. निवृत्त झाल्यावर त्यांना पक्ष्यांचा नाद लागला. हिवाळ्यात अक्षीच्या पुळणीवर पाहुण्या पक्ष्यांची जत्रा भरते: कुरव, सुरय, चिखल्या, तुतवार, आणि लाटेच्या मागे धावत जाऊन लाट परतली की उलटे पळणारे पांढुरके चिमणे पक्षी. अण्णा रोज सकाळी गळ्यात जुनी दुर्बीण अडकवून जात आणि परत आल्यावर माझ्या मुलीला, ईराला, वहीत नोंदी करायला लावीत.

दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काही नाही; हात मोकळा असताना तो स्वस्थ असतो, काही धरायला गेले की कापतो. चहाचा कप निम्मा भरून देऊ लागलो, इतकाच घरात फरक पडला असे आम्हांला वाटले. दुर्बिणीचे कोणाच्या ध्यानात आले नाही. ईराने एकदा विचारले, “आजोबा, दुर्बीण घेत नाही तुम्ही?” अण्णा म्हणाले, “साध्या डोळ्यांनी सगळं दिसतं की गं.” वहीतल्या नोंदी मात्र हळूहळू आटल्या, आणि एके दिवशी दुर्बीण कपाटात गेली.

याचे कारण सरळ आहे. आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण हाताचा कंपही आठ पट मोठा करून दाखवते. निरोगी तरुण माणसालासुद्धा दहा पटींच्या वरची दुर्बीण हातात स्थिर धरणे जड जाते. मग सत्तरी उलटलेल्या कापऱ्या हातांनी काय करावे? दूरच्या पक्ष्यासाठी वापरतात ती एकडोळी मोठी दुर्बीण वीसपासून साठ पटींपर्यंत मोठे दाखवते. ती तर कोणाच्याच हातात धरून चालत नाही. तिला पाय लागतात, तीन.

पहिली तिपाई, पहिली फजिती

आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या एका सहकारी बाईंनी आपली एकडोळी दुर्बीण मला आठवड्यासाठी उसनी दिली. “तिपाई मात्र चांगली घ्या हं,” असे त्या दोनदा म्हणाल्या. मी एकदाही ऐकले नाही. मुंबईच्या एका दुकानात मला एक गोजिरवाणी तिपाई दिसली. वजन किलोभरही नव्हते, मिटवली की छत्रीएवढी व्हायची आणि पायांना एकात एक जाणाऱ्या पाच नळ्या होत्या. मांडव्याच्या लाँचमध्ये चढायचे, पुढे बस धरायची, सामान हलके हवे, या हिशेबाने मी ती घेतली. घासाघीस करून किंमतही उतरवली आणि फार हुशारी केली असे मानले.

जानेवारी २०२४ मधली दुपार होती. अक्षीच्या पुळणीवर आम्ही ती तिपाई पुरती उंच करून उभी केली. मधला दांडाही वर ओढला, कारण तो ओढता येत होता! खारे वारे सुरू झाले होते. अण्णा डोळा लावून बराच वेळ उभे राहिले. मग बाजूला झाले आणि म्हणाले, “सूनबाई, माझ्या हातांपेक्षा हिचेच पाय जास्त कापतात.”

सगळे हसले. मी डोळा लावून पाहिले, तर एका कुरवाचे दोन कुरव दिसत होते आणि दोन्ही नाचत होते. एवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, वाळूत एक पाय खचला आणि तिपाई दुर्बिणीसकट आडवी झाली. काच वाचली, पण फिरवण्याच्या कड्यात वाळू शिरली आणि दुसऱ्याची वस्तू दुरुस्तीला द्यावी लागली. दुरुस्तीचा आकडा तिपाईच्या किमतीपेक्षा मोठा होता. पण मला लागले ते वेगळेच. घरी येताना अण्णा म्हणाले, “जाऊ दे. आता या गोष्टींचं वय राहिलं नाही.” मी आणलेल्या भिकार तिपाईने त्यांची खात्री पटवली होती.

हलके म्हणजे किती हलके?

त्यानंतर मी परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास केला. सहकारी बाईंनी शिकवणी घेतली, आणि दुर्बिणी वापरणाऱ्या आणखी चार जणांना मी पिडले. त्यातून जे हाती लागले ते सांगते. तुमच्यापैकी कोणी पक्ष्यांसाठी, ताऱ्यांसाठी, किंवा थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीचा १८६७ सालचा दीपस्तंभ पाहण्यासाठी तिपाई घेणार असाल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट पायांची. नळी जितकी जाड, तितकी ती कमी वाकते, आणि हा फरक फार मोठा असतो. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर तिचा ताठपणा आठपट होतो. म्हणून एकात एक जाणाऱ्या नळ्या जितक्या जास्त, तितकी शेवटची नळी काडीसारखी बारीक आणि सांधेही जास्त. तीन नळ्यांचा पाय सर्वांत बरा, चार चालतील. पाच नळ्या म्हणजे माझी छत्री.

दुसरी गोष्ट धातूची. ॲल्युमिनियमचे पाय स्वस्त आणि कणखर असतात. आपटले तर पोचा येतो, पण सहसा मोडत नाहीत. कार्बनच्या तंतूंचे पाय त्याच मापात साधारण पाव ते तिसरा हिस्सा हलके असतात, बसलेला हादरा लवकर जिरवतात आणि थंडीत हाताला गार लागत नाहीत. पण टोकदार दगडाचा फटका बसला तर त्यांना चीर जाऊ शकते, आणि किंमत दुपटीच्या घरात जाते. कार्बन गंजत नाही म्हणून विक्रेते किनाऱ्यावरच्या माणसाला तो आवर्जून दाखवतात. खरे आहे, पण सांधे, स्क्रू आणि वरचे डोके धातूचेच असते आणि खारी हवा नेमकी तिथे घर करते. लाकडी तिपाया हादरा उत्तम जिरवतात, पण पाठीवर घेऊन हिंडण्याजोग्या नसतात.

तिसरी गोष्ट सांध्यांची. काही पायांना पिळून घट्ट करायची कडी असतात, काहींना खटकन् मिटणाऱ्या खिट्ट्या. पिळाच्या आट्यांत वाळू गेली की करकर सुरू होते आणि आटे झिजतात. पण ही कडी सोडवून धुता येतात. खिट्टी लागली आहे की नाही हे लांबून दिसते, आणि कापऱ्या किंवा ओल्या हातांनाही ती जमते. घरात वापरणारी माणसे कोण, यावर ही निवड करावी.

चौथी गोष्ट डोक्याची. पुष्कळ जण पायांवर पैसे घालतात आणि डोके विसरतात. फोटो काढणाऱ्यांना आवडणारे गोळीचे डोके दुर्बिणीला सोयीचे नाही. गोळी सैल केली की दुर्बीण मान टाकते. आडवे आणि उभे असे दोनच दिशांनी, घट्ट तेलातून फिरल्यासारखे संथ फिरणारे आणि लांब दांडी असलेले डोके घ्यावे. दुर्बीण बसवायचा स्क्रू बहुधा पाव इंचाचा असतो, मोठ्या सामानाला तीन-अष्टमांश इंचाचा. घेण्यापूर्वी जुळवून पाहावा.

आणि पाचवी गोष्ट आकड्यांची. ‘आठ किलो पेलते’, ‘दहा किलो पेलते’ असे खोक्यावर छापलेले असते. हे मोजण्याची सर्व कारखान्यांना बांधणारी एकच रीत नाही. शिवाय पेलणे वेगळे आणि स्थिर ठेवणे वेगळे. मोडत नाही म्हणून काही सुतळीची खाट मेज होत नाही!

मग पारख कशी करावी? दुर्बीण बरोबर घेऊन दुकानात जावे. तिपाई पूर्ण उंच करावी, पण मधला दांडा खालीच ठेवावा. रस्त्यापलीकडची एखादी पाटी दुर्बिणीत धरावी आणि एका पायाला बोटाने टिचकी मारावी. अक्षरे थरथरतील; मनात एक-दोन-तीन मोजावे. दोन मोजेपर्यंत अक्षरे शांत झाली तर तिपाई चांगली. पाच मोजूनही थरथरत असतील तर नमस्कार करून निघावे. मग डोके दोन्ही हातांनी हलकेच पिळून पाहावे. पाय तसेच राहून डोकेच डुलत असेल तर तेही नको. दुकानदार जरा वैतागतो. आपण नाही पाहायचे.

या पारखीने मी निवडलेली तिपाई ॲल्युमिनियमची, तीन नळ्यांची, खिट्ट्यांची निघाली. पाय १ किलो ६०० ग्रॅम आणि डोके ६०० ग्रॅम, एकूण २ किलो २०० ग्रॅम. कार्बनची घेतली असती तर साधारण अर्धा किलो वाचला असता. तो अर्धा किलो मी खांद्यावर आणि वाचलेले पैसे पदरात घेतले. पासष्ट मिलिमीटर काचेच्या दुर्बिणीला एवढी तिपाई पुरते. ऐंशीच्या पुढची काच असेल तर आणखी भारदस्त हवी. हलकी म्हणजे बरोबर नेली जाईल इतकी हलकी, आणि वाऱ्यात उभी राहील इतकी जड. सुनेच्या शोधात असलेल्या सासूसारखी ही अट आहे खरी, पण ती पुरी होते.

स्थैर्याची जुनी गोष्ट

या शोधात अण्णांचा उत्साह थोडा परतला. एके संध्याकाळी त्यांनी ईराला अलिबागच्या वेधशाळेची गोष्ट सांगितली. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्या विजेने नाजूक सुया बिघडतील, म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी ते काम अलिबागला हलवले. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली आणि १९०४ पासून तिथे मोजणी सुरू झाली. काही काळ दोन्हीकडे मोजून मेळ घातला गेला. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली, तोवर उपकरणे सुखरूप या किनाऱ्याला लागली होती. “पाहायचं असेल तर आधी जे हलवतं त्यापासून दूर जावं लागतं,” अण्णा म्हणाले. किहीमला सलीम अलींनी १९३० साली सुगरणींची घरटी बारकाईने पाहून त्यांच्या संसाराची हकीकत जगाला सांगितली, तीही मुळात एका जागी स्थिर राहूनच.

अक्षीतच रस्त्याकाठी शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख आहे. मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून अनेक अभ्यासक त्याचा मान करतात. मी प्रत्येक खेपेला ईराला तो दाखवते. यंदा ती म्हणाली, “आई, हा हजार वर्षं हलला नाही, याला तिपाई नाही लागली.” मी म्हटले, “म्हणून त्याला लाँचमधून नेता येत नाही.”

वाळू, वारा आणि करवंट्या

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही पुन्हा अक्षीला गेलो. सहकारी बाईंनी मोठ्या मनाने तीच दुर्बीण पुन्हा दिली. या वेळी सकाळ निवडली. सकाळी जमिनीकडून मतलई वारे मंद वाहतात, सूर्य पाठीशी असतो आणि वाळू तापून हवा थरथरायला लागलेली नसते. त्या थरथरीपुढे कुठल्याही तिपाईचे काही चालत नाही. भरती चढू लागली की पांगलेले पक्षी आपण होऊन काठाकडे सरकतात, म्हणून वेळही भरतीची धरली.

पाय खचण्यावरचा इलाज शेजारच्या वाडीतल्या काकूंनी सांगितला. आमची खटपट पाहून त्या म्हणाल्या, “अगो, करवंट्या ठेव की खाली!” तीन करवंट्या उताण्या, वाळूत दाबून बसवल्या आणि त्यांत तिपाईचे पाय ठेवले. तिपाई जी बसली ती बसली. एक पाय समोर समुद्राकडे ठेवायचा आणि दोन पायांच्या मध्ये आपण उभे राहायचे, म्हणजे ठेच लागत नाही. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला घ्यायचे. वाऱ्यात मधल्या आकड्याला पिशवी अडकवायची, पण ती जमिनीला जरा टेकलेली असावी. लोंबकळली तर तीच झोके घेऊन हादरे देते. आणि सर्वांत खालची नळी थोडी तरी बाहेर काढावी, म्हणजे सांधा वाळूपाण्याच्या वर राहतो. तरत्या जेटीवर किंवा लाँचमध्ये मात्र तिपाई लावू नये; जिथे जमीनच हलते तिथे पाय काय करणार?

आम्ही तिपाई बुटकी केली आणि अण्णांसाठी खुर्ची मांडली. दुर्बिणीची डोळ्याची बाजू वर तिरकी वळलेली असल्यामुळे बसून पाहता येते आणि आजोबा-नातीच्या उंचीचा तंटा होत नाही. ईराने दांडी धरून कुरवांचा थवा नेमका मध्ये आणला, खिळ आवळली आणि बाजूला झाली. अण्णांनी हात मांडीवर ठेवले. हात लावायची गरजच नव्हती.

अण्णांचे एक जुने म्हणणे होते की, या थव्यात दोन जातींचे कुरव मिसळलेले असतात. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी होतात आणि कानामागे काळा ठिपका तेवढा उरतो, त्यामुळे लांबून ओळख पटत नाही. वयात आलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो, काळ्या डोक्याच्याचा गडद. पहिला उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठी घरटे करतो आणि थंडीत आमच्या दारी येतो. पण शंभर पावलांवरच्या पक्ष्याच्या डोळ्याचा रंग कापऱ्या हातांनी कसा दिसावा?

बराच वेळ अण्णा बोलले नाहीत. मग म्हणाले, “ईरा, लिही. फिकट डोळा. शेजारचा… गडद. लिही, दोन्ही आहेत.”

वही उघडली गेली.

रात्री त्याच तिपाईवर, माडांच्या शेंड्यांवर आलेला गुरू धरला. गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले गुरूचे चार चंद्र वीस पटींतही दिसतात, दुर्बीण हलली नाही म्हणजे झाले. पृथ्वी फिरते म्हणून गुरू हळूहळू सरकत बाहेर जाई आणि ईरा दांडी जराशी ढकलून त्याला परत आणी. अण्णांना तीन चंद्र दिसले. “चौथा कुठे आहे?” त्यांनी विचारले. आम्हांला सांगता येईना. “पुढे-मागे दडला असेल,” तेच म्हणाले. “बत्तीस वर्षं फळ्यावर चार टिंबं काढली. एकदाही पाहिली नव्हती.”

दुसऱ्या दिवशी मी तिपाई गोड्या पाण्याने धुतली, पाय लांब करून सावलीत वाळवली, खिट्ट्यांतली वाळू जुन्या दात घासायच्या ब्रशाने काढली. मिठाचे पाणी तसेच राहिले तर चांगली तिपाईही दोन हंगामांत म्हातारी होते. दुर्बीण मात्र पुसून कोरड्या डब्यात ठेवावी. कोकणात पावसाळ्यात काचेला बुरशी धरते, ती निघता निघत नाही.

उसनी दुर्बीण परत गेली. यंदा दिवाळीच्या खरेदीत आम्ही टीव्ही बदलणार होतो. तो बेत रद्द झाला आहे आणि एक पासष्ट मिलिमीटरची दुर्बीण घरात आली आहे. तिचे वजन करून, टिचकी मारून, सारे पाहून घेतले. अण्णा रोज विचारतात, कुरव आले असतील का? आम्ही तिघे लवकरच अक्षीला निघू: अण्णा, ईरा आणि मी. तिघेच. आणि या खेपेला खिशात खडा टाकायचा नाही, असे ठरले आहे.